मदत हवी आहे: चित्र काढायला आणि सुतारकाम शिकायला कोणती पुस्तकं घेऊ?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी,

आधी कारण सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. गेल्या दिवाळीआधी ओट्याखाली कपाट करून घेतलं. सुताराला मी हातानेच दाखवत होते, "इथे एवढा खण, त्याच्यावर एक आडवी फळी, खाली कुकर मावेल असं." तो मान डोलवत होता. कपाट झालं. कुकर आत जातो, पण त्याची मूठ दोन बोटं बाहेर राहते आणि दार लागत नाही. बोलायला गेले तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही दाखवलंत तेवढंच केलंय." आणि ते खरंच होतं. माझ्या डोक्यात काय होतं ते कागदावर कधी आलंच नव्हतं, मग त्याला तरी कसं कळणार?

तेव्हापासून मनात घेतलंय की वस्तू कागदावर मांडायला शिकायचं आणि जमेल तेवढी हाताने करायलाही शिकायचं. दोन्ही एकत्रच.

आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. जुनं माजघर पाडलं तेव्हा निघालेल्या दाराच्या चार फळ्या पडवीत उभ्या आहेत. फणसाच्या, सव्वा इंच जाड, साधारण सहा फूट लांब. हत्यारं म्हणाल तर एक करवत, एक लोखंडी रंधा, अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या दोन पटाशा, गुण्या आणि हातोडी. मशीन नाही आणि नकोच आहे, घरात सासूबाई आजारी असतात, आवाज चालत नाही. रात्री जेवणं उरकल्यावर तासभर मिळतो, तो चित्रासाठी. रविवारी दुपारी पडवीत लाकडासाठी दोन तास. पुस्तकांवर सगळं मिळून अडीच हजार खर्च करू शकते.

दोन पुस्तकं घेऊन फसले आहे. पहिलं चित्रकलेचं: घोडा पाच पायऱ्यांत, बदक चार पायऱ्यांत. दोन गोल, चार रेघा, झाला घोडा. महिनाभर केलं. घोडा आता बघून बरा येतो, पण समोरचं स्टूल काढायला बसले की चारही पाय चार दिशांना जातात. दुसरं सुतारकामाचं, जाडजूड अमेरिकन पुस्तक, फोटो फार सुंदर. पण पहिल्या प्रकरणातच टेबल सॉ, मग प्लेनर, मग रूटर, सगळी विजेची यंत्रं. लाकडं ओक, मेपल, वॉलनट. नकाशातली मापं बेरजेला जुळत नाहीत, म्हणून दोनदा आकडेमोड केली आणि पुस्तक मिटलं.

व्हिडिओ बघते, पण त्यात बघताना सगळं समजतं आणि रंधा हातात घेतला की काही आठवत नाही. पुस्तक शेजारी उघडं ठेवून एकेक ओळ करत जाता येते, म्हणून मला पुस्तकच हवं. मराठीत असेल तर फारच छान, इंग्रजी सावकाश वाचता येतं.

तर, चित्रासाठी कोणतं? लाकडासाठी कोणतं? आणि आधी काय?

---

तिरपी_रेष

ताई, मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. तुमच्या घोड्याचं आणि स्टुलाचं दुखणं माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं आहे. चित्रकलेची पुस्तकं ढोबळमानाने दोन जातींची असतात. एक आकार पाठ करून घेतात, दुसरी बघायला शिकवतात. पाठ केलेला घोडा घोड्यापुरताच कामाला येतो. तुम्हाला दुसऱ्या जातीचं हवं.

त्यात माझ्या मते सुरुवातीला सगळ्यात सोपं बेटी एडवर्ड्सचं 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन'. १९७९ मध्ये आलं, नंतर बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी चालेल. मेंदूच्या उजव्या-डाव्या भागाचं जे विवेचन त्यात आहे ते आता शास्त्रज्ञ तसं मानत नाहीत, ती पानं भराभर उलटा. पण सराव अस्सल आहेत. एक चित्र उलटं ठेवून जसंच्या तसं उतरवायचं, हा त्यातला प्रसिद्ध सराव. उलटं ठेवल्यावर हे नाक, हा हात असं मनाला ओळखताच येत नाही, मग डोळा फक्त रेषा बघतो.

तुमच्या स्टुलासाठी त्यातला दुसरा सराव करा: स्टूल काढायचंच नाही, पायांच्या मधली रिकामी जागा काढायची. दोन पाय आणि खालची दांडी यांच्यामधून भिंतीचा जो तुकडा दिसतो त्याचा आकार काय, त्रिकोण की चौकोन, कुठे निमुळता? तेवढाच काढा. असे चारपाच तुकडे नीट जमले की पाय आपोआप उभे राहतात. आजच रात्री करून बघा, पुस्तक यायची वाट नको.

निकोलाइडिसचं 'द नॅचरल वे टू ड्रॉ' (१९४१) फार मोठं पुस्तक आहे, पण ते तासांचं वेळापत्रक घालून देतं आणि समोर मॉडेल बसलंय असं धरून चालतं. रात्रीच्या एका तासात तुमची ओढाताण होईल. आत्ता नको.

मराठी प्रकाशकांचं म्हणाल तर पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रकलेची पुस्तकं हाताळून बघा. मिलिंद मुळीक यांचं 'पर्स्पेक्टिव्ह' तिथलंच. त्यांची जलरंगाची पुस्तकं जास्त गाजली, पण तुमच्या कामाचं हे, जवळचं-दूरचं कागदावर कसं दाखवायचं ते शिकवणारं.

आणि एक विचारते. घरात सातवी-आठवीतलं कोणी आहे का?

---

कोरा_कागद

मुलगी आठवीत आहे, यंदा एलिमेंटरीला बसते आहे. का बरं?

---

तिरपी_रेष

मग तिचं दप्तर उघडा! एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं आणि कर्तव्य भूमिती, म्हणजे पट्टी-कंपासने आकृत्या काढणं, असते. इंटरमिजिएटला त्यात घनभूमितीची भर पडते. शासकीय रेखाकला परीक्षा म्हटली की लोकांना वाटतं ही दहावीच्या वाढीव गुणांसाठीची गोष्ट. पण घनभूमिती म्हणजे काय, तर एखादी पेटी समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते, बाजूने कशी दिसते, हे मापात काढणं. सुताराला तुम्हाला नेमकं हेच द्यायचं होतं.

इंटरमिजिएटची भूमितीची मार्गदर्शक पुस्तिका तालुक्याच्या कुठल्याही शालेय पुस्तकांच्या दुकानात मिळते. मराठीत, खिशाला परवडणारी. एका बाजूला कृती, दुसऱ्या बाजूला आकृती. तुमचं पहिलं पुस्तक ते असू दे. मुलीबरोबर बसा. तिला वस्तुचित्रात तांब्याचं तोंड काढायला शिकवलं असेल: डोळ्याच्या रेषेला तोंड असेल तर नुसती रेघ, तांब्या जसजसा खाली ठेवाल तसतसं तोंड उघडत जातं. तिच्याकडून शिकून घ्या. मुलांना आईला शिकवायला मिळालं की त्यांचं स्वतःचं पक्कं होतं, हा माझा अनुभव.

---

सूत_आणि_दोरा

मी आयटीआयमध्ये कारपेंटर ट्रेडला शिकवायचो, आता निवृत्त. रेषताईंनी फार नेमकं सांगितलं. त्यात थोडी भर घालतो.

केंद्र सरकारची चेन्नईला 'निमी' नावाची संस्था आहे, ती आयटीआयच्या ट्रेडची पुस्तकं काढते. कारपेंटरचं 'ट्रेड प्रॅक्टिकल' आणि 'ट्रेड थिअरी' अशी दोन. तुम्ही आधी 'प्रॅक्टिकल' घ्या. फोटो सुंदर नाहीत, कागद साधा, भाषा कोरडी. पण लाकूड मापून खूण करणं, करवत, रंधा, सांधे, असा हत्यारं हातात धरून चालणारा क्रम आहे आणि प्रत्येक कामाची आकृती मापासकट आहे. आमची मुलं दहावी होऊन येतात, रंधा कधी पाहिलेला नसतो, त्यांच्यासाठी लिहिलेलं आहे. किंमतही बेताची.

आता एक खड्डा दाखवून ठेवतो, कारण त्यात बरेच जण पडतात. आपल्याकडे नकाशा 'फर्स्ट अँगल'ने काढतात. समोरच्या दृश्याच्या खाली वरून दिसणारं दृश्य येतं, आणि डाव्या बाजूने दिसतं ते उजवीकडे काढतात. अमेरिकेत 'थर्ड अँगल' चालतो. तिथे वरचं दृश्य वरच, उजवीकडचं उजवीकडेच. इंटरमिजिएटच्या पुस्तिकेवरून शिकाल आणि लगेच अमेरिकन पुस्तक उघडाल, तर डाव्या अंगाचा खण उजव्या अंगाला करून ठेवाल. शंकूच्या तुकड्याचं छोटं चिन्ह नकाशाच्या कोपऱ्यात असतं, त्यावरून पद्धत ओळखता येते. हौशी पुस्तकांत ते चिन्ह बहुधा नसतं, मग वरून दिसणारं चित्र कुठे छापलंय ते आधी बघा. वर असेल तर थर्ड.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं एन. डी. भट्टांचं पुस्तक कोणी सुचवलं तर सध्या घेऊ नका. पुस्तक उत्तम, डिप्लोमाच्या पिढ्या त्यावर शिकल्या, पण तुम्हाला त्यातली तीसेक पानंच लागतील.

मापाचं: आपला सुतार सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. पाऊण इंच सहा सूत, बाजारातला १९ मिलिमीटरचा प्लाय तो हाच. पुस्तकात ७/१६ इंच दिसलं की साडेतीन सूत म्हणा, ३/१६ म्हणजे दीड सूत. टेपवर सोळावा भाग शोधत बसण्यापेक्षा हे हाताला लवकर बसतं.

---

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत राहतो, गराजमध्ये लाकूडकाम करतो. ताई, तुमची आकडेमोड चुकलेली नाही. इथे दुकानात ज्याला 'टू बाय फोर' म्हणतात तो प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असतो. 'वन बाय फोर' म्हणजे पाऊण इंच बाय साडेतीन. कापून, वाळवून, रंधून जे उरतं ते माप, पण नाव जुन्या कच्च्या मापाचंच राहिलं. पुस्तक लिहिणारा हे गृहीत धरतो, कारण इथल्या वाचकाला ते ठाऊक असतं. सामानाच्या यादीत २x४ आणि नकाशात ३ १/२ दिसलं की तेच.

हातहत्यारांसाठी माझं सगळ्यात आवडतं पुस्तक रॉबर्ट वेअरिंगचं 'द इसेन्शियल वुडवर्कर'. लेखक इंग्रज, हस्तकला शिकवणारा शिक्षक. १९८८ मध्ये पहिल्यांदा निघालं, मध्ये मिळेनासं झालं होतं, २०१० मध्ये लॉस्ट आर्ट प्रेसने पुन्हा काढलं. फोटोंपेक्षा रेखाटनं जास्त. फळीची एक बाजू सपाट कशी करायची, मग तिला काटकोनात दुसरी, इथपासून सुरू होतं, मग स्टूल-टेबलाचा सांगाडा, मग खोकं, मग खण. तुमच्याकडे आहेत तेवढ्या हत्यारांनी निम्मं पुस्तक करता येईल. भारतात मागवायचं तर टपालखर्चच पुस्तकाएवढा होतो. कोणी येणारं-जाणारं असेल तर त्यांच्याकडून आणवा. घाई करू नका, हे तुमचं तिसरं पुस्तक आहे, पहिलं नाही.

फुकटात मिळणारं एक: स्वीडनच्या ऑटो सालोमोनचं 'द टीचर्स हँडबुक ऑफ स्लॉइड', इंग्रजी भाषांतर १८९१ चं. हक्क संपलेत, इंटरनेट आर्काइव्हवर आहे. शाळेतल्या मुलांना लाकडातून शिकवण्याची पद्धत त्याने बसवली. पहिल्या वस्तू नुसत्या चाकूने करायच्या, मग एकेक हत्यार वाढत जातं. रात्री आवाज नको असेल तर चाकूकाम फार चांगलं. मी ते वाचलं तेव्हा आजोबांच्या शाळेतल्या तकलीची आठवण झाली. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती मांडली गेली तीही हाताच्या कामातूनच शिकवायचं म्हणून.

---

वखारीतला

थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. आमची लाकडाची वखार होती. पुस्तक वाचून कोणी सुतार झालेला मी पाहिला नाही. एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या समोर चार रविवार बसा. तो पटाशी कशी धरतो, पायाच्या अंगठ्याने फळी कशी दाबून धरतो, ते छापून येत नाही. आणि धार! बोथट पटाशीने तुम्ही कुठलंही पुस्तक उघडा, लाकूड फाटणारच.

फळ्यांचं सांगतो. जुन्या दाराच्या आहेत ना? रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. मोडलेले चुके, म्हणजे बारीक खिळे, लाकडात रुतलेले असतात आणि वरून काळा ठिपकासुद्धा दिसत नाही. एक चुका लागला की रंध्याच्या पात्याला खांडा पडलाच. कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पीठ दिसलं तर तेवढा भाग कापून टाका. बाकी फणस म्हणजे सोनं. रंधल्यावर आतून हळदीसारखा पिवळा निघेल, पुढे हवा-उजेड लागून तपकिरी होत जाईल, घाबरू नका. फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. रुंद फळी दोन्ही कडांना खिळ्यांनी जखडली की पुढच्या उन्हाळ्यात चिरते.

---

कोरा_कागद

राग कसला, तुमचं पटतंच. मी दोन मिस्त्रींना विचारलं होतं. दोघेही आता प्लाय आणि लॅमिनेटचंच काम करतात. त्यातले एक म्हणाले, रंधा घरी आहे पण वर्षभरात पेटीतून काढलेला नाही. तिसरे आहेत त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, डोळ्याला कमी दिसतं. त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे, निदान धार लावणं त्यांच्या हाताखाली शिकेन. शिकवायला कोणी रोज मिळत नाही म्हणून पुस्तक शोधते आहे.

लोहचुंबक फिरवलं. पहिल्याच फळीत तीन जागी चिकटलं. तुमचे फार आभार.

धार किती अंशाची लावायची?

---

सूत_आणि_दोरा

दगडावर २५ अंशाला मुख्य उतार, मग टोकाशी किंचित उचलून ३० अंशाला चारदोन हात. कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड घ्या, खरखरीत आणि बारीक. मागची बाजू मात्र कधीही उचलायची नाही, दगडावर पूर्ण सपाट. बहुतेक जण पुढचा उतार चकचकीत करतात आणि मागची बाजू विसरतात. धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे भेटतात ती रेघ, एकच बाजू घासून ती येत नाही. कागदाची कड उभी धरून पटाशी खाली ओढा, न अडकता कापला गेला तर झालं.

---

कोरा_कागद

पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

इंटरमिजिएटची पुस्तिका घेतली. निमीचं प्रॅक्टिकल मागवलं, आलं. एडवर्ड्सची जुनी प्रत रत्नागिरीतल्या एका ओळखीच्यांकडे होती, त्यांनी वाचायला दिली. मिळून सातशेच्या आतच झालं. उरलेले पैसे धारेचा दगड, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार) आणि दोन क्लॅम्पसाठी ठेवलेत. स्टुलाच्या रिकाम्या जागा सात वेळा काढल्या. सातव्या वेळी मुलगी म्हणाली, "आई, हे जमिनीवर उभं आहे." एवढंच म्हणाली, पण मला रात्री झोप लागेना.

मग ओट्याखालचं कपाट काढायला घेतलं. एकास दहाच्या प्रमाणात, समोरून, बाजूने, वरून. आतली रुंदी ३४ इंच, खोली साडेपंधरा. कुकर मुठीसकट सतरा. बाजूचं दृश्य काढल्यावर दीड इंच बाहेर आलेली मूठ कागदावरही तशीच बाहेर आली. नंतर वरून दिसणारं दृश्य काढलं आणि कुकर कागदाचाच कापून त्यावर फिरवत बसले. मूठ बाजूला वळवून आडवा ठेवला तर तो सहज बसतो! अडतं काय, तर खालच्या खणात मधोमध एक उभी फळी आहे, त्यामुळे प्रत्येक बाजूला सोळा-साडेसोळाच इंच मिळतात. ती फळी काढली की ३४ इंच मोकळे.

पण ती फळी वरच्या आडव्या फळीला टेकू देते आहे. वर डाळ-तांदळाचे डबे असतात. प्लाय सहा सुती. काढली तर झोल येईल का?

---

सूत_आणि_दोरा

येईल. ३४ इंच लांबीवर सहा सुती प्लाय धान्याच्या वजनाने हळूहळू वाकतो, एकदम नाही, वर्षभरात दिसेल. उभी फळी काढण्याआधी आडव्या फळीच्या पुढच्या कडेला, खालच्या अंगाने, एक पट्टी उभी लावा. दोन इंच उंच, निदान सहा सूत जाड, दोन्ही टोकं कपाटाच्या बाजूंना घट्ट टेकतील अशी. फेविकॉल लावा आणि वरून, आडव्या फळीतून पट्टीत, पाच स्क्रू. पट्टी उभीच हवी, आडवी चिकटवलीत तर काही उपयोग नाही, कारण ताकद उंचीतून येते.

पट्टीसाठी प्लाय आणू नका. तुमच्या फणसाच्या फळीतून काढा. अडीच इंच रुंद चीर करवतीने, मग रंध्याने दोन इंचावर. ३४ इंच लांबी पहिल्या कामाला अगदी योग्य.

मात्र दोन इंच खाली आल्यावर कुकर झाकणासकट आत जाईल का, ते बाजूच्या दृश्यात आधी काढून बघा. शिट्टी धरून उंची मोजा.

---

कोरा_कागद

शिट्टीसकट मोजली. पट्टीच्या खाली पाच सूत उरतात. रविवारी चीर काढते.